शिट्टीसाहेबांची विसावी कवायत

साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी करून शिट्टीसाहेबांनी एकदाही आग पाहिली नाही. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. पण साहेब त्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी होते आणि आग लागली तर काय करायचं, हे आठशे माणसांच्या डोक्यात भरवणं एवढंच त्यांचं काम होतं. महिन्याच्या पहिल्या बुधवारी बरोबर अकरा वाजता ते गळ्यातली पितळी शिट्टी फुंकायचे. मग आठशे माणसं हातातलं काम टाकून, ओळीनं, न धावता मागच्या मैदानात येऊन उभी राहायची. साहेब स्टॉपवॉचकडे बघून तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "चार मिनिटं दहा सेकंद. एव्हाना निम्मे भाजले असते."

कामगारही काही कमी नव्हते. दर वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचंच, "साहेब, ही पण खोटीच ना? खरी कधी?" मैदानभर हशा पिकायचा. साहेबही हसायचे. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न त्यांना डाचायचा. आपण एकतीस वर्षं शिकवलं ते खऱ्या वेळी उपयोगी पडलं असतं का, हे कळायला काही मार्गच नव्हता. त्यासाठी कारखाना पेटवून बघणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं.

माणूस शिस्तीचा होता, पण हाडाचा खोडकर. कवायत बेचव होऊ नये म्हणून ते दर महिन्याला काहीतरी काडी घालायचे. कधी जिन्यात साबणाचं पोतं आडवं टाकून त्यावर 'मी बेशुद्ध आहे, मला उचला' अशी चिठ्ठी लावायचे. एकदा त्यांनी पोत्याऐवजी खुद्द मॅनेजरांनाच जिन्यात झोपवलं. आठशेच्या आठशे माणसं त्यांना ओलांडून निघून गेली. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'जखमी व्यक्ती कुणाच्याही लक्षात आली नाही.' मॅनेजर पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हते.

साहेबांचे नियम दोनच होते. पहिला : शेजारचा चुकला तर त्याचं काम आपलं, साखळी थांबवायची नाही. दुसरा : कवायत संपली की प्रत्येकानं सांगायचं, काय चुकलं. निवृत्तीच्या दिवशी कामगारांनी त्यांना काचेच्या चौकटीत बसवलेली एक काडेपेटी भेट दिली. खाली लिहिलं होतं, 'साहेब, आता तरी एक ओढा.' ती चौकट घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. पितळी शिट्टी तिच्याच खाली खिळ्याला लटकते.

आता सरकारविषयी सांगायला हवं. सरकार म्हणजे साहेबांची नात, वय वर्षं नऊ. घरात तिचा हुकूम चालतो म्हणून हे नाव. ती स्वमग्न आहे, हे ती तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. पुढे ती हळूहळू पुन्हा जागेवर आली. सरकार कमी बोलते, पण जे बोलते ते मोजूनमापून. मोठा आवाज तिला अंगावर आल्यासारखा लागतो. म्हणून ती बाहेर जाताना कानांवर पिवळे मफ घालते. ते कारखान्याच्या बॉयलरखात्यातले, आजोबांकडून वारसाहक्कानं आलेले. ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली की तिच्याइतकं शहाणं माणूस शोधून सापडणार नाही. ठरल्याप्रमाणे झाली नाही की मग आपलं काही खरं नाही.

या सरकारला शहराबाहेरच्या मनोरंजन पार्कात जायचं होतं. तेही सगळा पार्क बघायला नाही, कपबशीत बसायला. मोठ्या फिरत्या बशीवर माणूस बसेल एवढे कप, आणि ते कप स्वतःभोवतीही फिरतात, असा तो खेळ. पार्काचा घडीचा नकाशा तिच्या हाती कुठूनतरी लागला आणि तिनं तो इतक्या वेळा उघडला की घड्यांवर चिकटपट्ट्या लावाव्या लागल्या. नकाशात कपबशीचा नंबर चौदा होता. चित्रात एक कप निळा होता. तिला त्या निळ्या कपात बसायचं होतं.

दोनदा जाऊन झालं होतं. पहिल्यांदा आत शिरल्या शिरल्या स्वच्छतागृहात कुणीतरी हात वाळवायचं यंत्र सुरू केलं आणि सरकारनं फरशीवर लोळण घेतली. जमलेल्या बायकांपैकी एकीनं, "दोन रट्टे द्या, गप्प बसेल," असा फुकटचा सल्ला दिला. दुसऱ्या खेपेला ती कपबशीच्या रांगेपर्यंत पोचली. तिथे कुणीतरी सांगितलं, "पाचच मिनिटं हं बाळ." सरकारनं पाच मिनिटं मोजली. अकरा झाली तरी रांग हलेना, तेव्हा तिच्या लेखी सगळं जग खोटारडं ठरलं आणि बापानं तिला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. घरी आल्यावर ती तीन दिवस टेबलाखाली बसून होती. नकाशा मात्र हातातून सोडला नाही.

साहेबांची मुलगी, म्हणजे सरकारची आई, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. केसाएवढा फरक तिला डोळ्यांनी दिसतो, आणि म्हणूनच कदाचित लोकांच्या नजराही तिला जरा जास्तच दिसतात. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आणखी एकदा जाऊ. ही शेवटची. जमलं नाही, तर या घरात पार्क हा शब्द निघणार नाही. तो नकाशाही मी टाकून देणार. तिला असं बघायची ताकद नाही माझ्यात." ती उगाच बोलणाऱ्यांतली नाही.  काडेपेटीच्या चौकटीकडे बघत साहेब म्हणाले, "एक महिना दे मला."

आणि त्यांनी चंग बांधला.

सुरुवात पाहणीपासून. लागोपाठ तीन बुधवार साहेब एकटेच पार्कात गेले, गळ्यात स्टॉपवॉच, हातात पाटी आणि कागद. कपबशीची एक फेरी दोन मिनिटं चाळीस सेकंद. उतरणं-चढणं एक मिनिट दहा. हात वाळवायची यंत्रं चार, त्यातलं एक बंद. बुधवारी सकाळी रांगेत सरासरी नऊ माणसं. मुलांच्या पार्कात एकटा म्हातारा हिंडतोय आणि सगळं लिहून घेतोय म्हटल्यावर रखवालदार हटकणारच. "काय चाललंय, आजोबा?" साहेब वर न बघता म्हणाले, "तपासणी." हे खोटं नव्हतं. कुणाची तपासणी ते कुणी विचारलं नाही. दहा मिनिटांत त्यांना खुर्ची आली, पंखा आला, चहा आला.

इथवर सगळं ठीक होतं. पण चहा पोटात गेल्यावर साहेबांच्या अंगात जुना अधिकारी संचारला. त्यांनी अग्निशामक नळकांडी उलटी करून तारखा बघितल्या. फाटकावर पिशव्या तपासणारी एक धिप्पाड बाई बिस्किटं खात होती, तिला त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "ड्युटीवर तोंड चालवायचं नाही, बाई. हात पिशवीत आणि लक्ष बिस्किटात, असं चालणार नाही." बाईनं बिस्किटाचा पुडा खाली ठेवला. त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर जागीच विरघळला असता. साहेब मात्र खुशीत घरी आले.

मग सुरू झाल्या कवायती. घरातल्या बोळात फरशीवर चिकटपट्टीची पावलं उमटली, ती रांग. न्हाणीघर म्हणजे स्वच्छतागृह, तिथे केस वाळवायचं यंत्र आधी लांबून, मग जवळून. जावई म्हणजे गर्दी. तो एकटाच बोळातून येऊन जाऊन सगळ्यांना कोपरं मारायचा आणि त्यात त्याला भलताच रस यायला लागला होता. लिहायच्या टेबलाची गोल फिरणारी खुर्ची म्हणजे कप. तिला निळी चादर गुंडाळली. निळा कप भरलेला असेल तर काय? तर एक फेरी थांबायचं, तीन मिनिटं पन्नास सेकंद. "पाच मिनिटं हं" हे शब्द उच्चारायला घरात सक्त मनाई झाली. सरकारनं सगळ्या पायऱ्यांची यादी स्वतःच्या हातानं लिहिली, एक ते तेवीस, आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. नियम कारखान्यातलेच दोन, ते सरकारला तोंडपाठ. सुरुवातीला हळूच फुंकलेली शिट्टी, शेवटी बाकावर बसून साहेबांचा प्रश्न, "काय चुकलं?" सरकार चुका सांगायची. तिच्या नजरेतून एकही सुटत नसे.

फाटकावरच्या तपासनिसाचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं होतं. आणि इथेच त्यांच्या खोडकरपणानं घात केला.

झालं असं, की आजींच्या पिशवीत नेहमी एक काकडी असते. प्रवासाला पाण्याची बाटली न्यायची नाही, काकडी न्यायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा खाक्या. "बाटली सांडते, काकडी सांडत नाही," हे त्यांचं म्हणणं आजवर कुणाला खोडता आलेलं नाही. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला बंदी आहे, हे साहेबांनी चार वेळा सांगितलं. आजींनी चारही वेळा ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. पाचव्या कवायतीत साहेबांनी पिशवीत हात घातला, काकडी बाहेर काढली, डोळे वटारले आणि खर्जात म्हणाले, "जप्त!" आणि कचकन एक चावा घेतला. "पुढे चला."

"अहो, काय हा मेला पोरकटपणा!" आजी ओरडल्या. आणि तेवढ्यात सरकार हसली. पोटभर, खदखदून, दोन्ही हात झटकत हसली. टेबलाखालचे ते तीन दिवस झाल्यापासून घरात कुणी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तिची आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली.

नात असं हसत असेल तर कुठला आजोबा काकडी खाणार नाही? साहेबांनी पुढच्या प्रत्येक कवायतीत खाल्ली. काकडी म्हटली की त्यांचं पोट बिघडतं, तरीही खाल्ली. एकोणीस कवायती झाल्या.

ठरलेल्या बुधवारी सकाळी दारात शिट्टी वाजली. जावयाला रजा मिळाली नव्हती. उरलेले चौघं बसनं निघाले. आजींनी विचारलं, "काकडी घेऊ ना?" साहेब म्हणाले, "म्हणजे काय, घ्यायलाच हवी. यादीत आहे." त्यांचा हिशेब सरळ होता. खाणं न्यायला बंदी, म्हणजे फाटकावर काकडी जप्त होणारच. वेगळं काही सांगायची गरज नाही. कधी नव्हे ते आजींच्या हट्टाचं त्यांना कौतुक वाटलं.

बरोबर अकरा वाजता ते फाटकाशी पोचले. पिवळे मफ कानांवर, नकाशा छातीशी, सरकार ओळीत पहिली. फाटकावर तीच धिप्पाड बाई. तिनं साहेबांना ओळखलं आणि खुर्चीत ताठ झाली. आजींची पिशवी उघडली. काकडी काढली. "बाहेरचं खाणं चालत नाही. जप्त," ती म्हणाली.

साहेबांना बाईचा मुकाच घ्यावासा वाटला. शब्दसुद्धा तोच! बाईनं काकडी शेजारच्या टोपलीत ठेवली आणि हातानं खूण केली, "चला पुढे."

सरकार हलली नाही.

"चल ना राणी," आई म्हणाली. सरकार टोपलीतल्या काकडीकडे बघत होती. "सहा," ती म्हणाली.

सहा म्हणजे काय, हे कुणाच्या लक्षात येईना. मग साहेबांना फ्रिजचं दार आठवलं. पाचव्या कवायतीनंतर सरकारनं यादी नव्यानं लिहिली होती. रोज दूध काढताना, भाजी काढताना सगळ्यांनी ती बघितली होती, नीट वाचली कुणीच नव्हती. 'पाच : काकडी जप्त होते. सहा : फाटकावरचे काकडी खातात. सात : आत जायचं.' चावा हा मोठ्यांच्या दृष्टीनं विनोद होता. सरकारच्या दृष्टीनं ती सहावी पायरी होती, आणि पाचवरून सातवर उडी मारायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

 साहेब पुढे वाकून हळूच म्हणाले, "बाई, एक विनंती होती. या काकडीचा एक घास खाल का?"

बाईनं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. पंधरा दिवस ती या क्षणाची वाट बघत असावी. "ड्युटीवर तोंड चालवायचं नाही, साहेब," ती म्हणाली. "आपणच सांगून गेलात."

"ते… तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं. आणि त्या नळकांड्यांच्या तारखा? चव्वेचाळीस नळकांडी पुसली मी आपल्यामुळे. दोन दिवस."

"माफी मागतो. पाया पडतो म्हणा. पण एक चावा. ही नात माझी, तिला…"

"वरती कॅमेरा आहे," बाई म्हणाली. आता ती थोडी नरमली होती, कारण तिनं मुलीकडे बघितलं होतं. "खरंच सांगते, आजोबा, खाल्ली असती. पण तुमच्या तपासणीनंतर साहेबलोकांनी तो कॅमेरा मुद्दाम माझ्याच डोक्यावर लावलाय. खाताना दिसले तर नोकरी जाईल."

मागची रांग वाढत होती. कुणीतरी "अहो, काय चाललंय?" म्हणालं. कुणीतरी च् च् केलं. सरकारनं एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला सुरुवात केली. हे काय आहे ते तिघांनाही माहीत होतं. असं झुलणं वाढत जातं, मग गुणगुणणं, मग फरशी.  साहेबांच्या मुलीनं पर्सचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. "बाबा, चला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "झालं. घरी जाऊ."

 एकतीस वर्षं आठशे माणसांना हुकूम सोडणारा माणूस, आणि आता त्याच्याकडे एकही हुकूम उरला नव्हता. शिट्टी खिशात होती, पण ती फुंकून पुढे काय करायचं? एका काकडीपायी सगळं बुडणार होतं, आणि ती काकडी त्यांनीच, मजा म्हणून, कवायतीत आणली होती. आपण खरोखरच एक निव्वळ शिट्टी आहोत, असं त्यांना वाटलं.  ते नुसते उभे राहिले.

सरकारचं झुलणं थांबलं. तिनं बाईकडे बघितलं, मग आजोबांकडे. "शेजारचा चुकला," ती म्हणाली.

साहेबांना आधी कळलंच नाही. मग त्यांच्या ओठांतून आपोआप निघालं, "…तर त्याचं काम आपलं."

"साखळी थांबवायची नाही," सरकार म्हणाली. तिनं टोपलीतली काकडी उचलली. डोळे वटारले, अगदी आजोबांसारखे. खर्जात म्हणाली, "जप्त!" कचकन चावा घेतला, उरलेली काकडी बाईच्या हातात ठेवली आणि स्वतःच स्वतःला सांगितलं, "पुढे चला." आणि गेली.

मागचे तिघं असे थिजले होते की बाईलाच म्हणावं लागलं, "अहो, जा की तिच्यामागं! साखळी थांबवताय तुम्ही."

स्वच्छतागृहात यंत्र घोंघावलं, सरकारनं मफ दाबून धरले आणि बारापर्यंत मोजलं. रांगेत नऊच्या जागी अकरा माणसं होती. त्यातली दोन जास्त आहेत, एवढं तिनं त्या दोघांना स्पष्ट बजावलं. निळा कप भरलेला निघाला. ती तीन मिनिटं पन्नास सेकंद ओठ हलवत उभी राहिली. पुढच्या फेरीला निळा कप रिकामा झाला आणि ती त्यात जाऊन बसली. शेजारी मोठं माणूस लागतं, म्हणून साहेब बसले.

कपाच्या मधोमध एक चकती असते, ती फिरवली की कप जास्त गरगरतो. हे साहेबांनी पाहणीत टिपून घेतलं नव्हतं. सरकारनं मात्र नकाशातल्या चित्रात बघून ठेवलं होतं. तिनं चकती जी फिरवली, ती दोन मिनिटं चाळीस सेकंद सोडली नाही. साहेबांना एकदा पार्क दिसायचा, एकदा आभाळ, एकदा काकडीचे पंधरा चावे आठवायचे. डोळे गच्च मिटून ते कपाला लटकून राहिले. सरकार हसत होती. कुंपणाबाहेर तिची आई उभी होती. कप समोरून गेला की तिला लेकीचा चेहरा दिसायचा, मग पाठ, मग पुन्हा चेहरा. हे बघायला मिळेल ही आशा तिनं मनातून केव्हाच सोडली होती. ती कुंपण धरून रडत होती आणि आजूबाजूचे बघत होते, पण या वेळी तिला कुणाची नजर दिसली नाही.

सरकार नऊ वेळा बसली. साहेब एकदा बसले आणि उतरताना डावीकडे कोसळले. नंतरच्या आठ फेऱ्या आई बसली. आजी बाकावर बसून काकडीवाचून कोरड्या पडलेल्या घशाबद्दल कुरकुरत होत्या.

साडेतीनच्या सुमारास ते बाहेर पडले, तर फाटकाबाहेर तीच बाई उभी. गणवेशावर साधा शर्ट चढवलेला, खांद्याला पिशवी. तिनं कागदात गुंडाळलेली अर्धी काकडी काढली, सरकारसमोर धरली आणि म्हणाली, "संपली माझी ड्युटी." मग डोळे वटारून कचकन चावा घेतला. "जप्त! बरोबर?"

सरकारनं आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ ओढून बघितलं. "चार तास पंचवीस मिनिटं उशीर," ती म्हणाली.

"बाई गं," बाई साहेबांकडे वळून म्हणाली, "ही तर तुमच्यापेक्षा भारी तपासनीस." आणि काकडी खात खात निघून गेली.

बसथांब्याच्या बाकावर चौघं टेकले. साहेबांचं डोकं अजून गरगरत होतं. बाकावर बसलं की त्यांच्या तोंडातून निघतं तेच निघालं. "काय चुकलं?"

सरकारनं बोटांवर मोजून सांगितलं, "तीन चुका. बाईंनी काकडी उशिरा खाल्ली. आजोबा डावीकडे पडले. आई रडली. आई रडते, असं यादीत नाही."

"पुढच्या वेळी लिहून ठेवू," आई नाक पुसत म्हणाली.

 सरकारनं नकाशाची घडी घातली आणि आजोबांकडे न बघता विचारलं, "घरी एकोणीस झाल्या. ही विसावी. खरी कधी आहे?"

 तोच प्रश्न, मैदानातल्या मागच्या रांगेतून यायचा तोच. फक्त ही चेष्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. सकाळी शिट्टी वाजली, शेवटी 'काय चुकलं' विचारलं, म्हणजे ती कवायतच, हा तिचा हिशेब बिनचूक होता. खरी येऊन गेली होती, आणि जिला शिकवलं तिला ती आल्याचा पत्ताही लागला नव्हता. एकतीस वर्षांत आपलं काम इतकं चोख कधीच झालं नाही, हे साहेबांना त्या बाकावर कळलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आजींनी मुकाट्यानं पदर पुढे केला.

उत्तर द्यायला हवं होतं, पण साहेब पदराला डोळे पुसत होते. शेजारच्याचं काम मग त्यांच्या मुलीनं उचललं. जिनं महिन्यापूर्वी शेवटची म्हणून सांगितलं होतं, तीच वाकून लेकीच्या कानावरचा पिवळा मफ जरासा उचलून म्हणाली, "पुढच्या बुधवारी. अकरा वाजता."

सरकारनं मान डोलावली. "बाईंना आधी सांगून ठेवा," ती म्हणाली.